हैबतरावांचा पाय

मुळशीतल्या भरे गावात चारचाकी कशी हाकावी याला काही धरबंध नाही, पण हैबतराव हाकायचे तशी मात्र कुणी हाकू नये, यावर सगळ्या गावाचं एकमत होतं. रस्ता मोकळा असो नाहीतर मागून डंपरवाला भोंगा फुंकून आकाश डोक्यावर घेवो, हैबतरावांची पांढरी विजेची गाडी आपली चाळिशीनंच चालायची. उतार दिसला की ते पाय उचलायचे. चढ दिसला की आधी खांदे पुढं घ्यायचे आणि मग पाय टेकवायचे, जसं काही गाडी ढकलायला आपल्यालाच खाली उतरायचं आहे. एसी त्यांनी एकदाच ऐकला, गाडी विकणाऱ्या पोरानं दाखवायला लावला तेव्हा. "बंद कर बाबा, तिचं पोट खपाटीला जाईल," म्हणाले, आणि तो बंद झाला तो कायमचा.

रस्त्याकडेचा जमिनीचा एक तुकडा विकला तेव्हा त्यांनी ही गाडी घेतली. लोकांना वाटलं होतं, हैबतराव आता उंच, काळी, धुरळा उडवणारी गाडी आणणार. त्यांनी आणली ती आवाजच न करणारी. म्हणाले, "जनावरावानी हाय. रातभर दावणीला चारा खाती, दिसभर चालती, आन् उतारावर दम घेती." उतारावर पाय उचलला की थोडी वीज बॅटरीत परत जाते आणि पडद्यावरचा आकडा घटायच्या ऐवजी वाढतो, याचं त्यांना लहान पोरासारखं अप्रूप होतं.

अशा माणसाच्या डाव्या अंगाला बसून रत्नाबाईनं काय सोसलं ते तिचं तिला ठाऊक. लग्नाचा मुहूर्त टळला, अक्षता पडून पंगती उठल्या, की हे जोडपं मांडवात उतरायचं. वैशाखात घामानं पदर भिजायचा, काच मात्र वीतभरच उघडायची, कारण वारा आत शिरला की म्हणे गाडीला ओढ लागते. "ह्यापरीस वरातीतला घोडा बरा," ती म्हणायची. "त्यो निदान नाचतो तरी." हैबतराव नुसते हसायचे आणि पाय आणखी थोडा उचलायचे.

पण त्यांचाही एक थाट होता. बॅटरी पुरी भरली की गाडी अजून किती किलोमीटर जाईल ते पडद्यावर येतं. गावात तसलीच गाडी आणखी दोघांकडं होती. त्यांच्या गाड्या दोनशे साठ दाखवायच्या, फार तर सत्तर. हैबतरावांची दाखवायची तीनशे बारा. रोज सकाळी तोंड धुतलं की ते आधी अंगणातल्या गाडीत जाऊन बसायचे, आकडा मोठ्यानं वाचायचे आणि मगच चहाला यायचे. कुणाला अवॉर्ड मिळावा तसे यायचे.

कार्तिकात हैबतराव गेले. छातीत कळ आली, पौडला नेलं, तिथून पुण्याला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस संपला. ज्यानं जन्मभर कशाची घाई केली नाही, तो जाताना एवढी घाई का करून गेला, हे रत्नाबाईला कळेना. ती रडली नाही. पै-पाव्हणे म्हणाले, धीराची बाई. धीर कसला, तिला ते खरंच वाटत नव्हतं. बाहेर अंगणात गाडी उभी होती, आणि सकाळी उठून ती त्यांच्याच सवयीनं गाडीत जाऊन बसायची, आकडा वाचायची. तीनशे बारा. मग चहा ठेवायची, दोन कप.

तेराव्यानंतर रोहितनं गाडी नेली. रोहित त्यांचा एकुलता एक मुलगा. बायको रेश्माबरोबर पुण्याजवळ सूसला फ्लॅटमध्ये राहतो. त्याला कामं होती, कागदपत्रं होती, चार ठिकाणी जायचं होतं. आठवड्यानं गाडी परत आली, रात्रभर चार्जिंगला लागली, आणि सकाळी रत्नाबाईनं पडदा बघितला तर दोनशे एक्क्याऐंशी.

तिनं रोहितला फोन लावला. "काय केलंस रं तिला?"

"कुणाला?"

"गाडीला! तीनशे बारा हुतं. आज दोनशे एक्क्याऐंशी हाय. कुटं आदळलीस का?"

रोहित म्हणाला, "आई, तो नुसता अंदाज असतो, बॅटरीला काही झालं नाही." पण जिच्या घरातला माणूस गेला तिला अंदाज असतो हे सांगून काय उपयोग? किल्ली त्या दिवसापासून रत्नाबाईच्या कनवटीला गेली.

वरच्या खोलीत अपेक्षा भाड्यानं राहत होती. नांदेडकडची पोरगी, स्कूटीवरून हिंजवडीला जायची. तिचं ऑफिस गाड्यांच्या पडद्यावर काय आणि कसं दिसावं त्याचं काम करायचं. गाड्या दुसऱ्या, पडदे दुसरे, पण जात एकच. रत्नाबाईनं तिला जिन्यातच गाठलं.

"काकू, त्यात घाबरायचं काही नाही," अपेक्षा म्हणाली. "गाडी मागच्या काही शे किलोमीटरचं बघते. चालवणारा कसा चालवतो ते शिकते, आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधते. काकांचा पाय हलका होता, म्हणून तीनशे बारा. रोहितदादांचा जड आहे."

"म्हंजी ती पाय वळखती?"

"तसंच म्हणा."

अपेक्षा ऑफिसला गेली. तिनं सांगितलं त्यातलं सगळं सांडलं आणि रत्नाबाईच्या मुठीत एवढंच राहिलं, की गाडी पाय ओळखते. ह्यांचा पाय तिच्या ध्यानात आहे. रोहितनं तो मळवला, पण अजून आहे.

आता हे दुसऱ्या कुणा बाईला कळलं असतं तर ती उसासा टाकून गप बसली असती. पण रत्नाबाईचा जन्म गोठ्यात गेलेला. गाय हात ओळखते हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती नवी नवरी असताना सासू तापानं पडली आणि धार काढायची पाळी तिच्यावर आली, तेव्हा कपिलेनं चक्क लाथ मारून चरवी उलटी केली होती. मग सासूनंच अंथरुणातून सांगितलं, "माजं लुगडं नेस आन् बस." रत्नाबाई सासूचं न धुतलेलं लुगडं नेसून बसली. कपिलेनं मान वळवून हुंगलं, आणि पान्हा सोडला. मुळशीत हे घरोघरचं आहे. धार काढणारं माणूस बदललं की कपडा तोच ठेवायचा.

तेव्हा रत्नाबाईनं काय केलं असेल ते निराळं सांगायला नको. खुंटीवरचा हैबतरावांचा सदरा तिनं लुगड्यावर चढवला, त्यांच्या जाड वहाणा पायात घातल्या, आणि गाडीत बसली.

गाडी चालवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. "गिअर न्हाई, किलच न्हाई. पाय ठेवायचा आन् उचलायचा. त्यातबी ठेवण्यापरीस उचलायचं ध्यान ठेव," एवढाच त्यांचा धडा. लायसनही काढून दिलं होतं. पण ते असेपर्यंत तिनं कधी सुकाणू धरलं नाही. कशाला धरावं? ते होते की.

दर गुरुवारी ती निघू लागली. घोटवडे फाटा, पौड, तिथून मुळशी धरणाच्या कडेकडेनं ताम्हिणी घाटाच्या तोंडापर्यंत आणि परत. हाच त्यांचा आवडता रस्ता. पहिल्या गुरुवारी तिला वहाणांची लाज वाटली, त्या मोठ्या होत होत्या आणि बोटांनी धरून ठेवाव्या लागत होत्या. त्यामुळं पाय आपोआप हळू पडायचा. मागून गाड्या भोंगे मारायच्या. ती काचेतून हात काढून त्यांना पुढं जा म्हणायची, आणि हात बाहेर गेल्यावर तिच्या ध्यानात यायचं की हा हात ते काढायचे तसाच निघाला, तळवा खाली करून, जसं कुणाच्या डोक्यावर ठेवावा.

आकडा चढू लागला. दोनशे नव्वद झाला, तीनशे झाला. माघातल्या एका सकाळी पडद्यावर तीनशे बारा उमटलं, आणि रत्नाबाई गाडीतल्या गाडीत ओरडली, "आले!"

वरच्या गॅलरीतून अपेक्षानं ते ऐकलं. कोण आले म्हणून तिनं रस्त्याकडं बघितलं. रस्ता रिकामा होता.

त्यानंतरच्या गुरुवारांचं काय सांगावं. गावाला वाटलं रत्नाबाईला वारं लागलं. बाई आपली नवऱ्याचा सदरा घालून धरणाला फेऱ्या मारते म्हटल्यावर लोक बोलणारच, लोकांच्या तोंडाला काही झाकण असतं का? तिला मात्र त्या गाडीत फार बरं वाटायचं. पौड मागं पडलं की रस्ता पाण्याला जाऊन भिडतो. गाडीचा आवाज नाही, तिचा आवाज नाही. पाणी चालतंय की गाडी, हे कळू नये इतकं सगळं सावकाश. मग हळूहळू तिला वाटायला लागायचं की आपण चालवतच नाही. आपण डावीकडंच बसलोय, नेहमीसारख्या. उजवीकडं ते आहेत आणि तो वहाणेतला पाय त्यांचा आहे. उतार आला की तो आपला आपण उचलला जायचा. तिला सांगावं लागायचं नाही.

ती बोलायची त्यांच्याशी. आंबा मोहरला ते सांगायची. रेश्माला दिवस गेले ते सांगायची. एकदा तर भांडलीसुद्धा. "त्या काचा उगडू द्या की जरा," म्हणाली, आणि मग स्वतःच काच वीतभर खाली घेतली, वीतभरच. कधी कधी घरी पोचल्यावर तिला परतीचा रस्ताच आठवायचा नाही. पाणी आठवायचं, पाण्यावरचं ऊन आठवायचं, आणि कुणीतरी आपल्याला आणून सोडलं एवढं आठवायचं.

ज्येष्ठात पडद्यावर पहिल्यांदा निरोप आला. गाडीसाठी नवीन अपडेट तयार आहे, आत्ता की नंतर? रत्नाबाईला वाचता येत होतं, पण वाचून कळायला हवं ना. तिनं अपेक्षाला हाक मारली.

अपेक्षानं बारीक अक्षरं वाचली. "काकू, चांगलं आहे. उन्हाळ्यात बॅटरी तापली की काही गाड्या चार्ज होता होता मधेच थांबतायत. ते कंपनीनं दुरुस्त केलंय. मोबाईलचं अपडेट येतं ना, तसंच. अर्धा तास लागेल." मग तिनं खालची ओळ वाचली. "फक्त त्यानंतर गाडी आत्तापर्यंत शिकलेलं विसरेल. चालवण्याचा अंदाज नव्यानं सुरू होईल, असं लिहिलंय."

"म्हंजी पाय पुसंल?"

रत्नाबाईनं बोट पुढं करून "नंतर" दाबलं.

निरोप दर दोन-चार दिवसांनी येत राहिला आणि ती "नंतर" दाबत राहिली. दारात आलेल्या विक्रेत्याला म्हणावं तशी, पुढच्या बाजारी या. पण ज्यांच्या गाड्या मधेच थांबत होत्या त्यांत तिचीही निघाली. आधी ऐंशी टक्क्यांना थांबायची. पाऊस लागला, हवा गार झाली, तरी चाल सुधारेना, उलट निम्म्यातच खायची थांबू लागली. आता सकाळी गाडीत बसावं तर पडद्यावर दीडशेच्या आसपास काहीतरी. तीनशे बारा बघायचं तर बॅटरी पुरी भरायला हवी. ती पुरी भरायची तर अपडेट घ्यायला हवं. आणि अपडेट घेतलं की तीनशे बारा पुसणार. इकडं आड, तिकडं विहीर. दारात अर्धाच माणूस येऊन उभा राहतो, त्याला आत बोलवावं तर तो नाहीसा होणार, अशी गत.

"आई, ते दाबून टाक ना एकदाचं," रोहित फोनवर म्हणायचा. "कुठं रस्त्यात अडकलीस म्हणजे?"

"म्या न्हाई अडकत. माजा पाय हलका हाय," ती म्हणायची, आणि मग मनात जीभ चावायची, की माझा कसा, ह्यांचा.

श्रावणातल्या गुरुवारी गाडी तिसऱ्या हिश्श्यालाच चारा खायची थांबली. शहाणी बाई घरी बसली असती. रत्नाबाई सदरा चढवून निघाली.

त्या दिवशी धरण दिसतच नव्हतं. धुकं रस्त्यावर येऊन बसलं होतं आणि गाडीपुढं चार पावलांचा डांबराचा तुकडा तेवढा उलगडत होता. कुठून तरी पाणी पडण्याचा आवाज येत होता, दिसत मात्र नव्हतं. नेहमी ती ताम्हिणीच्या तोंडाशी वळायची. त्या दिवशी वळायची जागा कुठं गेली ते तिला कळलं नाही. आणि एकदम रस्ता उतरू लागला.

पाय उचलला गेला. पडद्यावरचा आकडा होता तिथं थांबला, आणि वाढला.

एकानं वाढला, मग आणखी एकानं. "वाढतुया," ती म्हणाली. घाट कोकणाकडं उतरत होता, वळणामागून वळण येत होतं, दोन्हीकडं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात आकडा एकेक करून चढत होता. तिला वाटलं, ते खूश झाले. इतक्या महिन्यांत अर्धेमुर्धे येत होते, आता भरत चाललेत. असंच उतरत राहिलं तर पुरे भरतील. उजवीकडं बघायचा धीर तिला होईना, आपल्याच जागेकडं कसं बघणार, पण ते तिथं होते. तिला त्यांच्या तंबाखूचा वास आला. सदऱ्याचा असेल. असू दे. "चला," ती म्हणाली, "आज कुटंबी चला," आणि गाडी खाली खाली जात राहिली, पाण्याच्या आवाजातून, ढगातून. इतकं सुख तिला कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

खाली रस्ता सपाट झाला तशी ती भानावर आली. एक गुराखी छत्रीखालून तिच्याकडं बघत होता. परत जायचं तर आता सगळा घाट चढायचा होता.

चढानं सगळं परत घेतलं. दिलं होतं त्याच्या कितीतरी पट घेतलं. ती खांदे पुढं घेऊन बसली, दिव्याखेरीज सगळं बंद केलं, तरी आकडा डोळ्यांदेखत वितळत होता. घाट संपून रस्ता पुन्हा धरणाला लागला तेव्हा आकडा लाल झाला, आणि पडद्यावर कासवाचं चित्र आलं. गाडी चालायच्या ऐवजी सरकू लागली. मग माले गावाच्या अलीकडं, पाण्याच्या कडेला, जांभळाच्या झाडाखाली ती थांबली, अगदी अलगद, थांबल्याचं कळूही न देता.

रोहितला फोन करून ती बसून राहिली. काचेवर धुकं बसलं. बाहेरचं सगळं गेलं, पडदाही विझला. "आवं," तिनं हाक मारली. पुन्हा मारली. इतके गुरुवार ती बोलत होती आणि उत्तराची तिला गरज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली, आणि ते काही आलं नाही.

रोहित आला, सपाट पाठीची क्रेन घेऊन. हैबतरावांच्या हयातीत जी गाडी कधी कुणाच्या पाठीवर बसली नाही ती सगळ्या पौड रस्त्यानं वरातीसारखी मिरवत भऱ्यात आली. घरी आल्यावर आईच्या अंगावरचा बापाचा सदरा रोहितनं नीट बघितला, आणि ओरडायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं. म्हणाला, "मी आज इथंच राहतो. उद्या सकाळी अपडेट करू. नाहीतर गाडी विकू. तू अशी कुठं तरी धुक्यात... आई, मला एकच गेलेला पुरे आहे."

सकाळी तो अंगणात आला तेव्हा रत्नाबाई गाडीत बसली होती, दारं आतून लावून. रोहितनं काचेवर टकटक केली. तिनं मान हलवली. तो वळसा घालून दुसऱ्या काचेशी गेला. ती दुसरीकडं बघू लागली. शेजारच्या आशालतावहिनी कुंपणाशी येऊन दात घासत उभ्या राहिल्या. एरवी त्यांचे दात इतके घासले जात नाहीत.

"अपेक्षाला बोलीव," रत्नाबाई काचेच्या फटीतून म्हणाली.

अपेक्षा ऑफिसला निघायच्या तयारीतच खाली आली. तिला आत घेतलं, दार पुन्हा बंद झालं. ती डावीकडं बसली, पाठीवरची बॅग मांडीवर घेऊन.

"दाबते म्या," रत्नाबाई म्हणाली. "रोहित म्हणतोय ते खरं हाय. पर त्याच्या आदी तू ह्यांचा पाय काढून ठेव. तुमच्या त्या पेनड्राइव्हात का काय असतं, त्येच्यात. मला दिसला न्हाई तरी चालंल. नुसता असू दे घरात."

गाडी रात्रभर चार्जिंगला होती आणि पाव हिश्श्याला थांबली होती. अपेक्षानं पडद्यावर बोट फिरवलं. एकामागून एक पानं उघडली, गाडी एकूण किती चालली, कधी किती चालली. असं काही काढून ठेवता येत नाही हे तिला आधीच ठाऊक होतं. मोबाईलवर पडद्याचा फोटो काढावा आणि ठेवला म्हणून सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. काकूंना काय कळणार होतं? पण एका पानावर तिचं बोट थांबलं. ती ते पुन्हा वाचत राहिली.

"काय गं?"

"काकू, मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं, गाडी मागचे काही शे किलोमीटर बघते म्हणून. फक्त मागचेच. नवीन आत येतात तसे जुने बाहेर जातात." तिनं पानावरचे किलोमीटर दाखवले. "तुम्ही दर गुरुवारी जाताय. काका गेल्यापासून गाडी तुमच्याच पायानं हजारो किलोमीटर चालली आहे. यात काकांचा पाय आता नाहीये. हा सगळा तुमचा आहे."

रत्नाबाईनं पडद्याकडं बोट केलं.

"तीनशे बारा ह्यांचं हुतं."

"आधीचं त्यांचं होतं. रोहितदादांनी नेली तेव्हा ते उतरलं. मग परत चढलं, ते तुमच्या पायानं चढलं."

बाहेर रोहित काचेला कपाळ लावून आत बघायचा प्रयत्न करत होता. रत्नाबाईनं पायाकडं बघितलं. तिथं वहाणा होत्या आणि वहाणांत सावळी, भेगाळलेली, जोडव्यांचे वण राहिलेली बोटं होती. एवढे महिने ती त्याच पायाला अहो-जाहो करत होती.

"मग ते कदी गेले?" तिनं विचारलं.

असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला अपेक्षाला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. तिनं आठवून बघितलं, मनातल्या मनात गुरुवार मोजले. "एकदम नाही गेले," ती म्हणाली. "थोडे थोडे गेले. माघात तुम्हाला परत तीनशे बारा दिसलं ना, त्या सुमाराला असेल. धरणाच्या रस्त्यावरच कुठंतरी."

"म्या 'आले!' म्हणून वराडले तवा?"

"हो काकू."

रत्नाबाईनं डोळे मिटले. अपेक्षाला वाटलं, आता काही खरं नाही, उगाच बोललो आपण. पण रत्नाबाई बोलू लागली, डोळे न उघडता.

"पुण्याच्या त्या दवाखान्यात मला भाईर बसवलं हुतं. एकानंच आत थांबा म्हनले. रोहित थांबला. म्या त्या लोखंडी खुर्चीवर बसून हुते, समोर निस्तं दार. मला वाटलं, आता बोलावत्याल, मग बोलावत्याल. ते आत गेले, आन् मला दुसऱ्यानं येऊन सांगितलं." तिनं दम घेतला. "तवापासनं माज्या डोक्यात एकच हाय बग. माणूस जाताना शेजारी कुणीतरी असावं. आमी येवढी वर्सं बाजूबाजूला बसलो, आन् नेमकं तवाच म्या भाईर."

अपेक्षानं बॅग बाजूला ठेवली आणि तिचा हात धरला.

"थोडं थोडं गेले म्हणतीस."

"हो."

"लई सावकाश?"

"खूप सावकाश."

"आन् गाडी कोन चालवीत हुतं?"

"तुम्ही, काकू."

रत्नाबाईच्या गालावरून पाणी वाहू लागलं. कार्तिकापासून साठलेलं होतं ते, त्याला आता घाई नव्हती. तिनं ते पुसलं नाही. ती रडत होती आणि तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं की काचेबाहेरचा रोहित काय झालं म्हणून खुणा करायचा तोही थांबला.

"म्हंजी या बारीला म्या संगं हुते," ती म्हणाली.

मग तिनं बोट पुढं केलं आणि पडद्यावरचं "आत्ता" दाबलं.